पहिल्या निवडीचें मोल

गेल्या माघांत एका रात्रीं आमच्या परभणीच्या घरीं अमेरिकेहून फोन आला. बोलणारा आमच्या वडील वहिनींचा नातू. कुशलप्रश्न झाले, तिकडील बर्फापासून इकडील हुरड्यापर्यंत सर्व विषय झाले, आणि मग त्यानें मोठ्या उत्साहानें सांगितलें, "आजी, आमच्या गांवचा फुटबॉल-संघ यंदा जवळ जवळ सगळे सामने हरला!" पोर कष्टी झालें असेल अशा समजुतीनें वहिनी त्याचें सांत्वन करूं लागल्या. तेव्हां तो हंसून म्हणाला, "अग आजी, दुःख कसलें? अगदीं तळाशीं राहिलों म्हणून आतां नवा खेळाडू निवडण्याचा पहिल्या दोघांतिघांतला मान आमचा आहे. दोन वर्षांत बघ आमचा संघ!"

फोन ठेवून वहिनींनीं मला विचारलें, "भाऊजी, हरल्याबद्दल बक्षीस देण्याची ही कोठली रीत? आणि असें बक्षीस मिळून मोडलेला संघ खरोखर उभा राहतो का?"

वहिनींचे हे दोन प्रश्न मला फार दिवस पुरले. पहिल्याचें उत्तर पुस्तकांत सांपडतें; दुसऱ्याचें शोधतां शोधतां मात्र मला माझीच एक जुनी चूक आठवली. ह्या महिन्याचा लेखांक त्याच विचाराला देत आहें.

प्रथम त्या रीतीविषयीं. अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्या ओळखीचा, पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. तेथें लांबट चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें, फेकावयाचा आणि धांवणाऱ्यास अडवून पाडावयाचें. १९३५ च्या सुमारास तेथील दोनचार श्रीमंत संघ महाविद्यालयांतून बाहेर पडणारे उत्तम खेळाडू उचलून नेत आणि गरीब संघ वर्षानुवर्षें तळाशींच राहत. फिलाडेल्फिया येथील संघाचे चालक बर्ट बेल यांनीं त्या वर्षीं सर्व मालकांपुढें सूचना मांडली, कीं खेळाडूंची निवड एकत्र बसून पाळीपाळीनें करावी, आणि जो संघ सर्वांत खालीं राहिला असेल त्याला पहिली पाळी द्यावी. श्रीमंत संघांनींहि ती मान्य केली. कारण रोज तोच जिंकणार हें ठाऊक असलेला सामना पाहावयास कोण येणार? १९३६ च्या फेब्रुवारींत पहिली निवड-सभा भरली. तिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

आपल्याकडे आळींतील मुलें गडी वाटून घेतात तें आठवावें, म्हणजे ही रीत परकी वाटणार नाहीं. एकानें पहिला गडी मागितला तर पुढची पाळी दुसऱ्याची, हा न्याय मुलांना कोणी शिकवावा लागत नाहीं. घरांतहि जें मूल अशक्त त्याच्या भातावर आई तुपाची धार थोडी अधिक धरते. तेव्हां, वहिनी, हें हरल्याचें बक्षीस नव्हे. पंक्तींत मागें राहिलेल्याच्या पानावर आधीं वाढण्याचा हा प्रकार आहे.

मात्र ह्या रीतीला आरंभापासूनच एक खोंच आहे. त्या पहिल्या सभेंत जो तरुण सर्वांआधीं निवडला गेला, त्याचें नांव जे बर्वांगर. तो त्या काळचा महाविद्यालयीन फुटबॉलमधील अत्यंत नांवाजलेला खेळाडू. परंतु वेतनाचें जमलें नाहीं आणि तो धंदेवाईक फुटबॉलचा एकहि सामना खेळला नाहीं. म्हणजे पहिल्या निवडीचा अगदीं पहिला मानकरी कधीं मैदानांत उतरलाच नाहीं! दुसरी खोंच याहून वाईट. पहिली पाळी मिळावी म्हणून मुद्दाम हरावें, हा मोह संघांस पडूं लागला. तेथील बास्केटबॉलच्या चालकांना १९८५ पासून पहिली पाळी चिठ्ठ्या टाकून ठरविण्याची सोय करावी लागली, ती ह्याचसाठीं.

आतां वहिनींचा दुसरा प्रश्न. पहिल्या निवडीनें संघ उभा राहतो का? १९९८ सालचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. त्या वर्षीं पहिला मान इंडियानापोलिसच्या संघाचा आणि दुसरा सॅन डिएगोचा. चेंडू फेकून सर्व खेळाचें सूत्र हालविणारे दोन तरुण त्या वेळीं देशभर गाजत होते. एक पेटन मॅनिंग, दुसरा रायन लीफ. दोघांत सरस कोण यावर जाणत्यांत एकमत नव्हतें. सॅन डिएगोच्या चालकांनीं तिसऱ्या स्थानावरून दुसऱ्यावर येण्यासाठीं दोन चालते खेळाडू आणि पुढच्या निवडींचे हक्कहि देऊन टाकले. अखेर इंडियानापोलिसनें मॅनिंगला घेतलें आणि लीफ सॅन डिएगोकडे गेला.

पहिल्या वर्षीं मॅनिंगच्या संघानें सोळापैकीं तीनच सामने जिंकले. आदल्या वर्षींहि तीनच जिंकले होते. मॅनिंगनें फेकलेले अठ्ठावीस चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं गेले. नवख्या खेळाडूच्या अपयशाचा तो एक उच्चांक ठरला. अशा वेळीं मालकांनीं त्याला बाजूस बसविलें असतें तर कोणी दोष दिला नसता. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्याच मुलाच्या हातीं सूत्र ठेवलें, आणि पुढच्या वर्षीं संघानें सोळांपैकीं तेरा सामने जिंकले. इकडे लीफ दुखापतींत, रागलोभांत आणि टीकेच्या भडिमारांत खचत गेला. तीन वर्षांत संघानें त्याला सोडून दिलें. २००० सालीं, त्याच्या तेथील शेवटच्या वर्षीं, त्या संघानें सोळांत एकच सामना जिंकला होता. निवडीच्या दिवशीं दोघांत एका पायरीचें अंतर होतें. पांच वर्षांनंतर जमीनअस्मानाचें.

उलट टोंकाचें उदाहरण टॉम ब्रेडी याचें. २००० सालच्या सभेंत त्याचें नांव १९९ वें पुकारलें गेलें, आणि त्यानें आपल्या कारकीर्दींत सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. अर्थात् ब्रेडीसारखा माणूस शेंकड्यांत एखादाच निघतो. त्याच्यावरून नियम करूं नये. परंतु नियम शोधणारे पंडितहि ह्या विषयास मिळाले आहेत. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यांतील थेलर यांस पुढें २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें) यांनीं अनेक वर्षांच्या निवडी तपासून २०१३ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच जागीं खेळणारे दोन खेळाडू एकामागून एक निवडले गेले, तर आधीं निवडलेला सरस ठरण्याचा संभव किती? शंभरांत साधारण बावन्न! म्हणजे नाणें उडवून घेतलेल्या कौलाहून किंचितच अधिक. वरच्या निवडींस त्या काळीं जें वेतन द्यावें लागे तें जमेस धरतां, पहिल्या क्रमांकापेक्षां दुसऱ्या फेरीचे खेळाडू संघास अधिक किफायतशीर पडत. २०११ सालच्या करारानें नवोदितांचीं वेतनें आवळलीं गेलीं, त्यामुळें हा हिशेब आतां पहिल्या निवडीच्या बाजूस बराच झुकला आहे. पण माणसाची पारख करण्याविषयींचा फाजील विश्वास करारानें थोडाच आवळला जातो?

आतां स्वदेशीं येऊं. आपल्या पायानें खेळावयाच्या फुटबॉलमध्येंहि अशी निवड-सभा झालेली आहे, आणि तीहि आपल्या मुंबईंत. इंडियन सुपर लीगच्या चालकांनीं २३ जुलै २०१७ रोजीं ती भरविली. जमशेदपूरचा संघ त्या वर्षीं नव्यानेंच निघाला होता. त्याच्या पदरीं जुना खेळाडू कोणी नाहीं, म्हणून पहिला मान त्याला मिळाला. त्यानें केरळचा बचावपटू अनस एडाथोडिका याला एक कोटी दहा लाखांस घेतलें. निवड चुकीची म्हणतां येणार नाहीं. त्या हंगामांत जमशेदपूरचा बचाव भक्कम ठरला आणि दहा संघांत तो संघ पांचवा आला. उपांत्य फेरी मात्र पहिल्या चौघांचीच असे. चौथें स्थान पुण्याच्या संघानें पटकावलें. पुढच्याच वर्षीं अनस केरळच्या संघांत गेला. जमशेदपूरनें साखळींतील अग्रस्थानाची ढाल जिंकली ती २०२२ सालीं, म्हणजे पहिल्या निवडीचा मानकरी जाऊन तीनचार वर्षें लोटल्यावर. आणि चौथ्या आलेल्या पुण्याच्या त्या संघाचें काय झालें? २०१९ सालीं तो बंदच पडला. एका हंगामाच्या यशावरून घर उभें राहिलें असें समजूं नये, याची ही दोन्ही बाजूंची साक्ष.

परंतु मोडलेला संघ उभा करण्याचें मला सर्वांत बोधप्रद वाटलेलें उदाहरण आपल्याच मातींतील आहे. प्रो कबड्डीची स्पर्धा २०१४ पासून चालू आहे. तींत पाळीपाळीची निवड नसून मुख्यतः लिलाव असतो. मात्र खर्चाची मर्यादा सर्व संघांस सारखीच घालून दिलेली आहे. पुणेरी पलटण ह्या संघानें पहिल्या दोन्ही पर्वांत आठांमध्यें आठवें स्थान मिळविलें. मध्यंतरीं दिवस बरे आले, पण २०१९ सालीं बारांत दहावें स्थान, अशी पुन्हां घसरण झाली. त्यानंतर २०२१-२२ च्या पर्वासाठीं संघानें नांवाजलेले चढाईपटू तर घेतलेच. परंतु लिलावाबाहेर, ठरीव वेतनावर नवीं मुलें घेण्याची जी मुभा असते तिचाहि उपयोग केला. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हीं दोन मुलें अशीं आलीं. अस्लम हा अहिल्यानगर जिल्ह्यांतील टाकळीभानचा, कष्टाच्या घरांतून वर आलेला.

पर्व सुरू झालें, नांवाजलेल्यांची चढाई चालेना, आणि प्रशिक्षकांनीं ह्या मुलांना पुढें काढलें. पुढच्या वर्षीं संघ अंतिम सामन्यास पोहोंचला. १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईंत तो जयपूरकडून २९ विरुद्ध ३३ असा हरला. हरल्यावर पुन्हां सगळें मोडून नवें आणण्याचा मोह चालकांनीं आवरला. मुलें तींच ठेवलीं, अस्लमला नायक केलें, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाचा २८ विरुद्ध २५ असा पराभव करून पलटणनें अजिंक्यपद मिळविलें. येथें प्रामाणिकपणें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं त्या वर्षीं संघानें इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई याला दोन कोटी पस्तीस लाखांस घेतलें होतें, आणि त्याच्या पकडींचा वाटा मोठा होता. मोल देऊन आणलेल्या माणसाचें महत्त्व नाहीं असें नव्हे. तो तयार भिंतीवरच्या तुळईसारखा आला म्हणून टिकला.

याच लिलावांत तेलुगु टायटन्स ह्या संघानें पवन सेहरावत याला दोन कोटी साडेसाठ लाखांस घेतलें. तोंवर कबड्डीपटूला इतकी किंमत कधींच मिळाली नव्हती. पवन स्वतः खेळलाहि उत्तम. पण बावीस सामन्यांत संघाला दोनच विजय मिळाले आणि बारांत बारावें स्थान आलें. चढाई करणारा एकटा जातो, हें खरें. परंतु तो बाद झाल्यावर त्याला परत आणावयास मागें पकड करणारे लागतात, हें कबड्डी खेळलेल्या कोणत्याहि मुलास ठाऊक असतें.

आमच्या परभणीच्या माणसाला ह्याचें मर्म समजावयास शेताकडे पाहिलें तरी पुरे. पुसा सावनी नांवाची भेंडीची जात एके काळीं सर्वत्र गाजलेली. पुढें ती केवडा रोगाला बळी पडूं लागली. पानांच्या शिरा पिवळ्या पडाव्यात आणि पीक बसावें, असा प्रकार. येथील कृषि विद्यापीठांतील संशोधकांनीं तिचा संकर एका रानटी भेंडीशीं केला. रानटी भेंडी बाजारांत कोणी फुकटहि घेणार नाहीं. पण रोगाशीं झुंजण्याचा गुण तिच्या अंगीं होता. त्या संकरापासून झालेलीं रोपें पुन्हां पुसा सावनीशीं जुळवीत, प्रत्येक पिढींत निवडून, नाकारून, पुन्हां पेरून, १९८५ सालीं ‘परभणी क्रांती’ हें वाण बाहेर पडलें आणि देशभर गेलें. तेथेंहि निवडच होती. परंतु ती एका दिवसाची, एका सभेची नव्हती. दर हंगामास पुन्हां करावी लागणारी होती.

आतां माझ्या चुकीविषयीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं मी ह्याच जिल्ह्यांतील तालुक्याच्या एका शाळेंत शिक्षक होतों, आणि कबड्डीच्या संघाचें काम मजकडे होतें. संघ सलग तीन वर्षें पहिल्याच सामन्यांत गारद होत असे. चवथ्या वर्षीं मुख्याध्यापकांनीं मला मोकळीक दिली: सर्व तुकड्यांतून जो मुलगा हवा तो आधीं तुम्हीं घ्या, उरलेले मग इतर खेळांना. त्या वर्षीं नववींत एक नवा मुलगा आला होता. वयाच्या मानानें फार उंच, हातपाय लांब. त्याला पाहतांच मीं निवडलें, आणि मोठी चूक केली ती त्यानंतर. शिक्षकांच्या खोलींत, मुलांपुढें, त्याच्या वडिलांपुढेंहि मी सांगत सुटलों, कीं आतां आपला संघ ह्याच्या जोरावर जिंकणार. सायंकाळचा सराव सगळा त्याचा. बाकीचे सहा जण त्याच्या चढाया पाहत उभे राहत. कोणी घोटा धरावा, कोणी साखळी करून घेरावें, हें त्यांना शिकविण्यास मला सवड नव्हती.

तालुक्याच्या सामन्यांत तो पहिल्याच चढाईंत बाद झाला. त्याला परत आणावयास गुण मिळवावा कोणी? एकेक करून सगळे गेले. मैदानाभोंवतीं पोरें त्याच्याच नांवानें ओरडत होतीं, आणि मीहि त्याच्याकडेच रागानें पाहिलें. दुसऱ्या वर्षीं तो सरावास आला नाहीं. मीं बोलावणें पाठविलें नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं जिंतूरच्या बाजारांत तो भेटला. शेती करतो, दोन मुलें आहेत. वाकून नमस्कार केला. बोलतां बोलतां मीं त्या सामन्याचा विषय काढला, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, मला कबड्डी कोठें येत होती? उंची होती, एवढेंच. सामन्याच्या आदल्या रात्रीं मला झोंप नव्हती." मी मुकाट्यानें घरीं आलों. त्याला शिकविण्याची जबाबदारी माझी होती, आणि मीं ती त्याच्या उंचीवर सोंपविली होती. निवड वाईट नव्हती. निवडीनंतरचें माझें काम मीं केलें नव्हतें.

म्हणून वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें: वरच्या निवडीला मोल आहे, नाहीं म्हणणें खोटें होईल. पण ती संधि असते. बांधलेलें घर नव्हे. निवडलेल्याला चुकण्यास एकदोन वर्षें देणारा संघ, त्याच्या मागें पकड करणारे गडी, आणि हरल्यावरहि न डळमळणारे चालक असतील तर ती संधि फळते. हें नसेल तर पहिला नंबर त्या मुलाच्या खांद्यावरचें ओझें होतो. जो संघ दर वर्षीं तळाशीं राहून दर वर्षीं वरची निवड करतो, त्याचा दोष निवडींत नसून घरांत असतो.

हा विचार आपल्या एकत्र कुटुंबांनींहि मनांत आणावा असें मला वाटतें. आपल्याकडे सहावीसातवींतच एखादें मूल ‘हुशार’ म्हणून पहिल्या पाटावर बसतें. घरचा पैसा त्याच्यासाठीं, लातूरची शिकवणी त्याच्यासाठीं, दिवाणखान्यांतलें शांत टेबल त्याच्यासाठीं. आणि चुलत भावंडें बाजूस उभीं राहून त्याच्या चढाया पाहतात. तो चुकला म्हणजे सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात. पुढें तें मूल नांव काढतें कीं नाहीं हा प्रश्न निराळा; पण आदल्या रात्रीं त्याला झोंप लागते का, हें तरी वडील माणसांनीं विचारावें. आणि जीं मुलें पहिलीं निवडलीं गेलीं नाहींत, त्यांचा सराव बंद पडूं देऊं नये. आपली पारख शंभरांत बावन्न वेळांच खरी ठरणारी असेल, तर उरलेल्या अठ्ठेचाळीसांची तजवीज करणें हा शहाणपणाच आहे.

चैत्राच्या अखेरीस तिकडील निवड-सभा झाली आणि नातवाचा पुन्हां फोन आला. हवा तो मुलगा त्यांच्या संघाला मिळाला होता. वहिनींनीं सारें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "छान झालें. पण पहिल्या वर्षीं हरला तर त्याला शिव्या देऊं नका हो." पलीकडून थोडा वेळ कांहींच उत्तर आलें नाहीं, मग तो म्हणाला, "बरं आजी."